वरवंट्याला डोळे आले

जयनगर, बेंगळुरू
मंगळवार

तीर्थस्वरूप अक्कास,

उमाकांतचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे आठही अंगं आता टेकत नाहीत. पाच-सहा टेकली आहेत, उरलेली मनाने टेकली असं समज.) तुझी तब्येत बरी असेल, औषध घेतल्यावर रक्तदाब उतरत असेल आणि न घेताही तो उतरला असं तू भाऊजींना सांगत असशील. भाऊजींचा खोकला कसा आहे? इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे. मी पद्धतीला मान देणारा माणूस आहे, पण खोटं लिहिणारा नाही. तुझी भावजय कल्पना खुशाल आहे. ईशान आणि सूनबाई गौरी खुशाल आहेत. बाळ तर फारच खुशाल आहे. दिवसभर झोपते आणि सगळे आडवे झाले की आवाज लावते, म्हणजे माझ्यामागे व्याख्यानं देणारं कोणीतरी घरात आहे. खुशाल नाही तो मी एकटा.

फोन न करता हे पत्र का, ते तुला ठाऊक आहे. गेल्या दिवाळीत मी तुला माझं ‘स्मृती हरवलेल्या समाजाचं भवितव्य’ हे भाषण तुकड्यातुकड्यांनी मोबाइलवर पाठवलं, तेव्हापासून तू माझा नंबर बंद करून टाकला आहेस. वर ईशानकडे निरोप, “त्याला म्हणावं, काय असेल ते कागदावर लिही. बोटं दुखली की आपोआप थांबेल.” अक्का, बोटं दुखताहेत. पण या वेळी थांबता येणार नाही.

आपला वरवंटा गेला.

गेला म्हणजे हरवला नाही, फुटला नाही, कोणी चोरलाही नाही. या तिन्हींपैकी काहीही झालं असतं तरी मी आज सुखाने जेवलो असतो. तो देव झाला.

जरा बैस, पाणी पी आणि मग पुढे वाच. सगळं क्रमाने सांगतो. (तू म्हणशील, क्रमाने सांगणं तुला जन्मात कधी जमलंय? दुःखाने माणसाला शिस्त लागते.)

आई गेल्यावर तिचं सामान आवरताना दागिन्यांवरून, भांड्यांवरून, अगदी त्या चांदीच्या तांब्यावरूनसुद्धा आपल्यात एक शब्द झाला नाही. शब्द झाले ते पाटा-वरवंट्यावरून. मी म्हणत होतो, जोडी फोडायची नाही आणि ती माझ्याकडे राहील, कारण घराण्याचा इतिहास मी सांगतो. तू म्हणत होतीस, “सांगतोस तू, पण लहानपणापासून त्याच्यावर वाटलं कोणी?” शेवटी पाटा तुझ्याकडे हुबळीला गेला (भाऊजी तेव्हा तिथे रेल्वेत होते) आणि वरवंटा माझ्याकडे बेंगळुरूला आला. तेव्हा मी दोन शब्द बोललो होतो (तुझ्या मते पाऊण तास) की पाटा जागेवर पडून असतो, म्हणून तो भूगोल, आणि वरवंटा फिरतो, म्हणून तो इतिहास. त्यावर तू जे म्हणालीस ते मी अजून विसरलेलो नाही. “ने बाबा तुझा इतिहास. वाटणार कशावर, डोक्यावर?”

पण मी तो इतिहास जपला, अक्का. कुठल्याही व्यासपीठावर उभा राहिलो, विषय पाणीटंचाईचा असो की परराष्ट्र धोरणाचा, शेवटच्या दहा मिनिटांत मी वरवंट्यावर येतोच. राजवाडे जळतात, ग्रंथालयं लुटली जातात, ताम्रपट वितळवून त्यांचे पेले होतात. वरवंटा मात्र कोण लुटणार? आपल्या घरात जन्मलेला प्रत्येक जीव पाळण्यात दुसरा गेलेला आहे. पहिला गेला तो हा. झबलं आणि कुंची घालून, काजळाची तीट लावून, बायकांच्या हातून पाळण्याखालून आणि पाळण्यावरून, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या करत. पणजोबांच्या आधी तो, आजोबांच्या आधी तो, बाबांच्या, तुझ्या, माझ्या आणि याच घरात ईशानच्या आधीही तोच. ईशानच्या बारशाला तर आत्या म्हणून तूच तो हातात घेतला होतास. (त्या दिवशी तू ‘गोविंद घ्या’ इतक्या मोठ्याने म्हणालीस की शेजारचे बघायला आले. वारशाचा स्पर्श झाल्यावर माणसाला कसं भरून येतं याचं उदाहरण म्हणून मी तो प्रसंग आजही भाषणात सांगतो.)

तर आता ईशानच्या लेकीचं बारसं पुढच्या रविवारी आहे. ईशानला बहीण नाही, त्यामुळे आत्याचा मान पुन्हा तुझाच, हे कल्पनाने तुला कळवलंच आहे. तयारी सुरू झाली तेव्हा मी गौरीला सांगितलं, पाळण्यात आधी वरवंटा जाईल. गौरी पुण्याची, चांगली शिकलेली, मनाने सरळ मुलगी. ती म्हणाली, “बाबा, दगड कशाला? पडला-बिडला तर? आपण तिथे सॉफ्ट टॉय ठेवू ना. माझ्याकडे एक हत्ती आहे.” अक्का, हत्ती! सिंधू नदीच्या काठी माणसाने धान्य दळायला सुरुवात केली तिथपासून मी प्रारंभ केला. मी पहिल्या नगरांच्या उदयापर्यंत पोचलो असेन तोच बाळ रडायला लागलं आणि गौरी म्हणाली, “ओके बाबा, दगड तर दगड. पण नीट धुऊन, प्लीज.” ईशान लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, “बाबा, तू जिंकलास. आता आवाज म्यूट कर.” हा माझा शेवटचा विजय होता.

विजयाने माणूस बेसावध होतो, याचे दाखले इतिहासात हवे तेवढे आहेत. त्याच आठवड्यात इथल्या आपल्या मंडळींनी माझं व्याख्यान ठेवलं होतं, विषय ‘दगड बोलतात’. मला वाटलं, नुसतं बोलण्यापेक्षा दगडच घेऊन जावा. माळ्यावरून वरवंटा काढला, ईशानची जुनी कुंची शोधून त्याला घातली, झबल्याच्या नाड्या बांधल्या, तीट लावली. खरं सांगतो, क्षणभर मलाच तो हसल्यासारखा वाटला. कार्यक्रम उत्तम झाला. पहिल्या रांगेतल्या बायकांनी तो हातोहात मागच्या रांगांपर्यंत नेला, मागच्या रांगांनी पुढे पाठवला. (शेवटच्या रांगेत एक गृहस्थ झोपले होते, त्यांच्या मांडीवर तो थोडा वेळ राहिला. जागे झाल्यावर ते दचकले, पण सावरले.) नवे आलेले मुंबई-नागपूरकडचे लोक तर म्हणाले की अंकल, असं काही असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. हे ऐकून मला जितका आनंद झाला तितकीच निराशाही झाली, पण ते पुढच्या व्याख्यानात सांगेन.

परत येताना ऑटो केली. वरवंटा कडेवर घेऊन आत बसलो. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं, मायेने गाडी हळू केली आणि विचारलं, “मगू सर? एष्टु तिंगळु?” म्हणजे बाळ का, किती महिन्यांचं? मी विषयाच्या भरात होतो. मी कानडीत उत्तर दिलं की दीडशे वर्षांचं. त्यानंतर त्याने आरसा दुसरीकडे वळवला आणि घरापर्यंत गाडी जोरात हाणली.

घरापर्यंत म्हणजे कोपऱ्यापर्यंत. आमची गल्ली गेले कित्येक महिने खणलेली आहे. आधी पाण्यासाठी खणली, मग बुजवली, मग बुजवलेलं बरोबर आहे का पाहायला पुन्हा खणली. त्यामुळे ऑटो कोपऱ्यावरच्या पिंपळापाशी थांबते. त्या पिंपळाला पार आहे, इकडे त्याला कट्टे म्हणतात. पारावर नागाचे दगड, त्यांना हळदकुंकू, दूध, दोरे, आणि तिथली व्यवस्था पाहणारे गुरुप्रसाद नावाचे एक निवृत्त बँकवाले. माणूस सज्जन, पण श्रद्धाळू. मी या चौकात राहायला आल्यापासून या दगडपूजेविरुद्ध बोलत आलो आहे आणि ते मला ‘सरी सर, सरी सर’, म्हणजे बरोबर सर, म्हणत आले आहेत. त्या दिवशी माझे हात भरून आले होते. वरवंटा मी पाराच्या कडेला, कुंचीसकट, सावलीत ठेवला आणि घाम पुसू लागलो. तेवढ्यात समोर एक सुशिक्षित तरुण (गळ्यात कंपनीचं ओळखपत्र!) नागाच्या दगडावर दुधाची पिशवी कापून ओतताना दिसला.

अक्का, तूच सांग, मी गप्प बसायला हवं होतं का?

मी बोललो. दगडाला देव समजणाऱ्या समाजाचं काय होतं, दगडावर ओतलेलं दूध कोणाच्या तोंडचं असतं, विज्ञान कुठे पोचलं आणि आपण कुठे फेऱ्या मारत आहोत. सगळं कानडीत. (माझं कानडी व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. फक्त कानडी लोकांना ते समजत नाही.) माणसं जमली. माणसं जमली की मला मागचं भान राहत नाही. समोरचे लोक माझ्याकडे न बघता माझ्या पाठीमागे बघताहेत आणि हात जोडताहेत, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला वाटलं की भाषणाचा परिणाम होतो आहे.

मागे वळलो. आपल्या वरवंट्याला हळद लागली होती, कुंकू लागलं होतं, कुंचीवर जास्वंदीचं फूल होतं आणि समोर नारळ फुटला होता. पारापाशी फुलं विकणारी गंगव्वा स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडून त्याची दृष्ट काढत होती आणि म्हणत होती, “अय्यो, एष्टु मुद्दागिदे!” म्हणजे काय गोड आहे ग बाई. लोकांना वाटलं, सरांच्या घरी बाळ झालं, म्हणून सर नवस फेडायला बाळरूप देव घेऊन आले आणि लाजून इकडचं तिकडचं बोलत आहेत!

आता या जागी माझ्या हातून ते घडलं. मला त्यांना सांगायचं होतं की हा आमच्या घरचा आहे. कानडीत ते फार सोपं आहे: “इदु नम्म मनेदु.” एवढं म्हणून थांबलो असतो तर आज वरवंटा माळ्यावर असता. पण मी संतापलेलो होतो, आणि संतापलेला माणूस, मग तो कितीही विवेकवादी असो, “अरे देवा!” म्हणतोच. मी छातीवर हात आपटून ओरडलो, “इदु नम्म मनेदु, देवरे!” हा आमच्या घरचा आहे, अरे देवा. आणि अक्का, तुझ्या हुबळीतल्या कानडीला आठवून मोठ्याने म्हणून बघ. त्या गर्दीला ऐकू आलं, “इदु नम्म मने देवरे.” हाच आमचा कुलदेव!

सगळ्या चौकाने हात जोडले. दुधाच्या पिशवीवाल्या तरुणाने उरलेलं दूध त्याच्यावर ओतलं. गुरुप्रसादांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, “सर, इतकी वर्षं तुम्ही बोलत होता, आम्ही ऐकत होतो. मला माहीत होतं सर. आत कुठेतरी होतं तुमच्या.” मी तोंड उघडलं तेव्हा त्यात त्यांनी प्रसादाचा पेढा घातला. गर्दी ओसरल्यावर संध्याकाळी गुपचूप येऊन उचलून न्यावा असा विचार करून मी घरी आलो. कल्पनाला सांगितलं, वरवंटा गुळगुळीत झाला होता, टाकी लावायला इथल्या शिवाजीनगरला दिला आहे. (हे मी बोललो, लिहिलेलं नाही. मी खोटं लिहीत नाही असं वर म्हटलं आहे ते खरंच आहे.)

संध्याकाळी गर्दी ओसरली नाही. वाढली. पाराखाली कोणीतरी कागदावर नाव लिहून चिकटवलं होतं, तोट्टिलप्पा. तोट्टिलु म्हणजे पाळणा. पाळण्याचा देव. फांदीला दोन चिमुकले लाकडी पाळणेही टांगले होते. अक्का, मूल व्हावं म्हणून लोक आपल्या वरवंट्याला नवस बोलत आहेत! आणि त्या वेळी क्षणभर, फक्त क्षणभर, माझ्या मनात आलं की आपल्या घराण्यातला त्याचा पाळण्याचा अनुभव पाहता निवड अगदीच चुकीची नाही. हा विचार मी तिथेच चिरडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुरुप्रसादांना गाठलं आणि सरळ सांगितलं. सगळं. झबलं, व्याख्यान, ऑटो, ‘देवरे’. मला वाटलं होतं, आता भांडण होईल, धर्म दुखावेल, पोलीस येतील. माझी तयारी होती. मुद्दे काढून ठेवले होते. पण तो माणूस शांतपणे म्हणाला, “अय्यो, एवढंच ना सर? तुमचा आहे तर घेऊन जा. सिंपल. घरच्या मुलीचं काम अडायला नको. लोकांना मी सांगतो, देव बारशाला गेला.” मला त्याला मिठी मारावीशी वाटली. मी पारावर चढलो.

तिथे तीन होते.

तीन वरवंटे, अक्का. एका ओळीत, आंघोळ घालून, पुसून, हळदीने माखून ठेवलेले. कुंची आणि झबलं धुऊन फांदीवर वाळत घातलेलं. गुरुप्रसाद म्हणाले, या भागातली जुनी घरं पाडून मोठ्या इमारती झाल्या. मिक्सर आले, ओट्याखाली जागा उरली नाही. दगड कचऱ्यात टाकवत नाहीत म्हणून लोक ते पिंपळाखाली आणून ठेवतात. आधीचे दोन असेच बिचारे कडेला पडलेले होते. आपला आल्यावर एका भाविकाने तिघांनाही चांदीचे डोळे बसवले, म्हणजे कोणावर अन्याय नको.

“कुठला तुमचा सर? दाखवा.”

मी पाहत राहिलो. तिघंही माझ्याकडे पाहत राहिले. ज्याच्यावर मी आयुष्यभर बोललो, ज्याचा उल्लेख केल्याशिवाय माझं एक भाषण संपलं नाही, तो मला ओळखू येईना. एक उचलला, जड वाटला. दुसरा उचलला, तोही जड वाटला. तिसऱ्याला हात लावताना एक बाई रागाने म्हणाली, “सर, देवाला भाजीसारखं काय निवडताय?” गुरुप्रसाद हळूच म्हणाले, “आठवून बघा ना सर. काही खूण? रंग? स्वल्प आठवा.” स्वल्पही आठवेना, अक्का. मला त्याचा इतिहास पाठ आहे. त्याचा चेहरा नाही. मी खाली उतरलो. तेव्हापासून रोज फिरायला जाताना रस्ता बदलतो.

आता माझी अवस्था अशी आहे. रविवारी बारसं आहे. तीनपैकी कुठलाही एक उचलून आणला तर गौरी, ईशान, आलेले लोक कोणाच्याही लक्षात येणार नाही. पण तीनात दोन वेळा असं होईल की आपल्या घरातलं हे पहिलं मूल कोणातरी परक्या घरच्या दगडामागून पाळण्यात जाईल, आणि ते मला माहीत असेल. साखळी एकदा तुटली की तुटली. रोमन साम्राज्याच्या शेवटच्या काळात लोकांना कळतच नव्हतं म्हणे की ते शेवटच्या काळात आहेत. मला कळतं आहे. आपलं घराणं म्हणजे होतं तरी काय? गढी नाही, सनद नाही, पराक्रम नाही. (पणजोबांनी मामलेदाराला खडसावलं होतं ही गोष्ट मी सांगतो, पण त्यांनी ते तो गाव सोडून गेल्यावर खडसावलं होतं असं बाबा म्हणत.) आपल्याकडे होता एक दगड. तो आज लोकांना अपत्यप्राप्ती करून देतो आहे आणि मला ओळख देत नाही. कल्पना रोज विचारते, टाकी लागली का? मी म्हणतो, शिवाजीनगरचा माणूस गावाला गेला आहे. ती ‘बरं’ म्हणते आणि हसते. ते हसूही मला आता सोसत नाही.

जास्त लिहीत नाही. बोटांनी संप पुकारला आहे. भाऊजींना नमस्कार, तुला पुन्हा एकदा जमेल तेवढा साष्टांग.

तुझा हताश भाऊ,
उमाकांत

ता. क. अक्का, येताना पाटा घेऊन ये. पत्राचं कारण खरं म्हणजे हेच. मी रात्रंदिवस विचार केला आहे. दीडशे वर्षं ज्या पाट्यावर तो वरवंटा फिरला, त्या पाट्याला त्याच्या पोटाची झीज ओळखू येणारच. पाटा पारावर ठेवायचा, तिघांना एकेक करून त्याच्यावर फिरवायचं, आणि जो चपखल बसेल तो आपला. हे विज्ञान आहे, यात श्रद्धेचा प्रश्न नाही. पाटा जड आहे हे मला मान्य आहे. मिरजेला, तुमच्याच स्टेशनवर, हमाल मिळेल. राणी चेन्नम्मा एक्सप्रेसने ये, खालचा बर्थ घे, पाटा बर्थखाली सरकव, यशवंतपूरला ईशान गाडी घेऊन येईल. पाटा म्हणजे नुसता भूगोल असं मी एके काळी म्हणालो होतो. ते विधान मी मागे घेतो असं नाही, पण भूगोलाशिवाय इतिहास उभा राहत नाही असंही मी त्याच भाषणात पुढे म्हणणार होतो. तू उठून गेलीस.

ता. क. २. यातलं कल्पनाला काही कळू देऊ नकोस. पत्र टपालात टाकायला तीच जाणार आहे, पण काळजी नको, पाकीट मी दोनदा डिंक लावून बंद केलं आहे.

ता. क. ३. अक्का, नमस्कार. हे अक्षर माझं, कल्पनाचं. पाकीट इडलीच्या वाफेवर लगेच सुटलं.

टाकीचं मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. गंगव्वा रोज मला मोगरा देते, तिने फुलांबरोबर सगळंच दिलं. हे इतके कासावीस झालेत की रात्री झोपेतही “तिसरा, तिसरा” म्हणतात. म्हणून तुम्ही पाटा शोधायच्या भानगडीत पडू नका, आणि कुठे आहे तेही ह्यांना लिहू नका. भाऊजींनी तो हुबळीच्या क्वार्टरमध्ये मोरीत सिमेंटने बसवला आणि बदली झाल्यावर तो तिथेच राहिला, हे आपल्या दोघींतच राहू दे. तुम्ही माझं गुपित ठेवलंत तसं मी तुमचं ठेवलं आहे. आम्ही कारखान्याची कॉलनी सोडून जयनगरला आलो तेव्हा उतारावर ट्रक घसरत होता आणि ड्रायव्हरने सामानातला वरवंटा काढून चाकाखाली लावला. हे तेव्हा कॉलनीच्या निरोप समारंभात वारशावर बोलत होते. ह्यांचं संपलं, ट्रक सुटला, वरवंटा रस्त्यावर राहिला. ईशानच्या बारशाला मी शिवाजीनगरहून विकत आणलेला तुम्ही हातात घेतलात, माझ्याकडे एकदा बघितलंत आणि मोठ्याने गोविंद घ्या म्हणालात. मी ते अजून विसरले नाही.

आता असं करू. पारावरचा मधला आपला. त्याच्या टोकाला टवका आहे, ईशानच्या वेळची बाळंतपणाची सुंठ ठेचताना माझ्या हातून उडालेला. पाटा मी एक जुना बघून ठेवला आहे, गंगव्वाच्या घरी आहे. तुम्ही शुक्रवारीच या आणि गाडीतून उतरल्यावर पाट्याचं काही विचारलं तर “आला आहे” एवढंच म्हणा. गुरुप्रसाद दुपारी गर्दी नसताना मधला द्यायला तयार आहेत, चांदीचे डोळे तेवढे सुटे करून ठेवतील. दोन दिवस तुम्ही, मी आणि गौरी मिळून त्या पाट्यावर लसूण-खोबऱ्याची चटणी वाटू. बारशाला लागणारच आहे, आणि पाट्याला वासही लागेल. गौरीला सगळं सांगितलं आहे. तिला वाटायला शिकायचं आहे.

कुठलाही वरवंटा कुठल्याही पाट्यावर बसतो हे ह्यांना माहीत नाही, कधी वाटलं असतं तर कळलं असतं. तेव्हा पारावर ह्यांची परीक्षा चालू असताना पहिल्याच्या आणि तिसऱ्याच्या वेळी तुम्ही नुसती नकाराची मान हलवा.

त्या जुन्या कॉलनीवरून बस जाते तेव्हा मी अजून खिडकीतून उताराकडे बघते. दगड पुष्कळ दिसतात.

मधल्याच्या वेळी डोळ्यांत पाणी आणायला विसरू नका. पुढचं भाषण हे करतील.